विश्लेषण : वेळ सांगण्याआधी गाव का सांगावे लागते? शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे कोष्टक आणि संगणकाचे घड्याळ

पुण्यातल्या कोणत्याही संगणकाला दोन ओळींच्या स्क्रिप्टमधून त्याचा कालविभाग विचारला, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते : आशिया/कोलकाता. विंडोज असेल तर ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असे नाव मिळते. घड्याळातली वेळ बरोबर दिसत असताना संगणकाला ही जादाची माहिती कशासाठी लागते, असा प्रश्न नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी एका मराठी शिक्षकाने गणिताने दिले होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथामुळे ओळखले जाणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सहलेखक रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत १८९६ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात भारतातील प्रमुख गावांची एक यादी आहे. प्रत्येक गावाची वेळ उज्जैनच्या वेळेहून किती मिनिटे पुढे किंवा मागे, हे त्या यादीत दिले आहे. आजच्या भाषेत तो भारताचा ‘टाइम झोन डेटाबेस’च होता.

स्क्रिप्ट नेमके काय विचारते?

संगणक आतल्या आत एकच वेळ मोजतो. ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी. पडद्यावर दिसणारी वेळ ही त्या वेळेत काही मिनिटे मिळवून दाखवलेली असते. भारतासाठी ही मिनिटे ३३०, म्हणजे साडेपाच तास. स्क्रिप्ट कार्यप्रणालीला दोन गोष्टी विचारू शकते. पहिली, सध्या किती मिनिटांचा फरक लागू आहे? दुसरी, हा फरक कोणत्या जागेच्या नियमाने ठरला आहे?

पहिले उत्तर एक आकडा असतो, दुसरे एक नाव. नुसत्या आकड्यावर विसंबले तर फसगत होते. कोलंबोचे घड्याळही आज ३३० मिनिटेच पुढे आहे. मात्र श्रीलंकेने १९९६ ते २००६ या काळात वेगळी प्रमाणवेळ पाळली होती. त्यामुळे सन २००० मधली एखादी नोंद वाचायची असेल, तर संगणक पुण्यात आहे की कोलंबोत, हे कळल्याशिवाय खरी वेळ निघत नाही. म्हणून जाणकार प्रोग्रामर आकडा न साठवता नाव साठवतात.

चिन्हाचाही घोळ होतो. जावास्क्रिप्टमध्ये हा फरक विचारला तर भारतासाठी उत्तर ‘उणे ३३०’ येते. कारण ती भाषा स्थानिक वेळेवरून जागतिक वेळ काढायला किती मिनिटे मिळवावी लागतील, ते सांगते. अधिक आणि उणे यांचा अर्थ आधी ठरवून घेतला नाही तर हिशेब ११ तासांनी चुकतो. दीक्षित-स्यूएल यांच्या कोष्टकात म्हणूनच चिन्ह कसे वाचायचे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले आहे.

दीक्षित कोण होते?

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी झाला. गावच्या शाळेत आणि पुढे दापोलीत त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. त्या काळी हुशार पण बेताच्या परिस्थितीतल्या मुलासाठी शिक्षकी हाच सरळ मार्ग होता. शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम पुरा करून त्यांनी मॅट्रिकची परीक्षाही दिली. विद्यापीठाच्या पदवीपर्यंत मात्र ते गेले नाहीत.

पुढची वीसेक वर्षे बदल्यांची होती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी त्यांनी शाळांमध्ये आणि शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत काम केले. १८९४ च्या सुमारास ते पुन्हा पुण्यात आले, या वेळी ट्रेनिंग कॉलेजातले शिक्षक म्हणून. ज्या संस्थेत शिकले तिथेच शिकवायला उभे राहण्याचा हा योग त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर आला.

वेधशाळा, मोठे ग्रंथालय किंवा संशोधनासाठी वेगळा पगार यांपैकी काहीही दीक्षितांच्या वाट्याला आले नाही. शाळेचे काम सांभाळून जुन्या सिद्धांतग्रंथांच्या पोथ्या मिळवायच्या, त्या ताडून पाहायच्या आणि रात्री आकडेमोड करायची, हा त्यांचा दिनक्रम होता. मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठीही त्यांनी लिहिले. आकाशाची ओळख करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे पुस्तक मराठी घरांमध्ये दीर्घकाळ वाचले गेले.

त्या काळी पुण्यात किती वाजले होते?

दीक्षितांच्या हयातीत या प्रश्नाचे एक उत्तर नव्हते. सूर्य डोक्यावर आला की त्या गावची दुपार, हा जुना हिशेब. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, त्यामुळे पूर्वेकडच्या गावात दुपार आधी होते. मुंबईची वेळ ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे आणि कलकत्त्याची जवळपास ५ तास ५३ मिनिटे पुढे होती. रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली. त्यामुळे पुण्यातला सूर्य आणि स्टेशनवरचे घड्याळ यांच्यात साधारण पाव तासाहून जास्त, म्हणजे जवळपास २६ मिनिटांचे अंतर पडे.

मुंबईत सरकारी कारभार मद्रास वेळेने चालवण्याचा प्रयत्न १८८० च्या दशकाच्या आरंभी झाला. लोकांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रिनिच हे जगाचे मूळ रेखावृत्त मानले गेले. भारताची आजची प्रमाणवेळ मात्र १ जानेवारी १९०६ रोजी आली. ती पाहायला दीक्षित हयात नव्हते.

उज्जैनशी संबंध काय?

ग्रिनिचचे जे स्थान आज जगात आहे, ते भारतीय सिद्धांतग्रंथांत उज्जैनचे होते. विषुववृत्तावरची कल्पित ‘लंका’, उज्जैन, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी रेषा ही मध्यरेषा मानली जाई. ग्रहांचे गणित आधी या रेषेसाठी करायचे आणि मग आपल्या गावासाठी दुरुस्त करायचे. पूर्व-पश्चिम अंतरामुळे करावी लागणारी ही दुरुस्ती म्हणजे देशांतर. उत्तर-दक्षिण स्थानामुळे सूर्योदयाच्या वेळेत पडणारा फरक वेगळा, त्याला चर म्हणतात.

म्हणजे एका मूळ जागेची वेळ आणि प्रत्येक गावासाठी मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा, ही रचना भारताला नवी नव्हती. पंचांग करणारे जोशी आपापल्या भागापुरता हा आकडा वापरत. दीक्षित-स्यूएल यांनी तो हिशेब घटी-पळांतून मिनिटांत आणला आणि देशभरच्या गावांसाठी एका जागी मांडला.

रेखांशांवरून हिशेब केला तर उज्जैनच्या तुलनेत पुण्यासाठी सुमारे उणे ८ मिनिटे येतात, मुंबईसाठी उणे १२. पूर्वेकडे वाराणसीसाठी अधिक २९ आणि कोलकात्यासाठी अधिक ५०.

आठ मिनिटांनी काय बिघडते?

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. ती दिवसाच्या कोणत्याही क्षणी संपते आणि तो क्षण सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतो. दिवसाला मात्र सूर्योदयाच्या वेळी असलेल्या तिथीचे नाव मिळते आणि सूर्योदय गावागणिक बदलतो.

समजा, उज्जैनमध्ये सूर्योदयानंतर पाच मिनिटांनी एकादशी संपली. उज्जैनच्या पंचांगात त्या दिवशी एकादशी. पुणे आठ मिनिटे मागे आहे. अक्षांशाचा फरक बाजूला ठेवला, तर एकादशी संपली त्या क्षणी पुण्यात सूर्य उगवायला अजून तीन मिनिटे बाकी होती. म्हणजे पुण्यात सूर्योदयाला द्वादशी. वार तोच, पण तिथी वेगळी. उपवास कधी धरायचा, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नव्हता.

त्या काळी जमिनीचे, इनामाचे, वतनाचे दावे न्यायालयात येत. पुरावा म्हणून जुने कागद आणि ताम्रपट हजर केले जात. त्यांवर शक, महिना, तिथी आणि वार लिहिलेले असत. बनावट कागद करणाऱ्याला शेकडो वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिथीला कोणता वार होता, हे सहसा माहीत नसे. त्यामुळे तिथी आणि वार जुळतात का, ही कागदाची चांगली परीक्षा होती. पण परीक्षा घेणाऱ्याने गाव लक्षात घेतले नाही, तर उलटा अन्यायही होऊ शकत होता. एका गावच्या वेळेने तपासल्यामुळे दुसऱ्या गावचा खरा कागद खोटा ठरला असता. न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांनाही उपयोग व्हावा, हा हेतू दीक्षित-स्यूएल यांनी आपल्या पुस्तकाच्या आरंभीच नोंदवला आहे.

हे पुस्तक कसे झाले?

त्याआधी दीक्षितांचे नाव एका मोठ्या वादामुळे अभ्यासकांत पोहोचले होते. गुप्त राजांच्या शिलालेखांत वापरलेला संवत नेमका केव्हा सुरू झाला, यावर विद्वानांत अनेक वर्षे मतभेद होते. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्तकालीन शिलालेखांचा संग्रह १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या तारखांचे गणित दीक्षितांनी करून दिले होते.

मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील स्तंभलेख आहे. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. गणिताने ती तारीख २१ जून ४८४ येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास धरला तर असे मेळ बसतात, हे दिसून आले. प्राचीन भारताच्या राजवंशांची कालरेषा उभी राहायला या गणिताचा मोठा आधार मिळाला.

मद्रास इलाख्यातले अधिकारी रॉबर्ट स्यूएल तारखा रूपांतरित करण्याची कोष्टके तयार करत होते. त्यांना भारतीय सिद्धांत मुळातून जाणणाऱ्या गणितीची गरज होती. दोघांच्या सहकार्यातून ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० ते १९०० अशा १६०० वर्षांचा हिशेब त्यात आहे. भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्रम यांनी जोडली. वाचकाने आधी कोष्टकांतून उज्जैनची वेळ काढायची, मग गावांच्या यादीतला आकडा चिन्हाप्रमाणे मिळवायचा किंवा वजा करायचा. आजची स्क्रिप्टही हेच करते. मूळ वेळ घेते, नाव शोधते, नावासमोरचा आकडा मिळवते.

मराठी ग्रंथाचे महत्त्व काय?

त्याच वर्षी, १८९६ मध्ये, दीक्षितांचा मराठी ग्रंथ पुण्यात छापून झाला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा हा इतिहास त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीच्या आवाहनावरून लिहायला घेतला होता. ग्रंथ, ग्रंथकार, त्यांचा काळ, त्यांची मूळ मापे आणि त्या मापांतून ठरणारी ग्रहस्थाने यांची पडताळणी त्यात आहे. नुसत्या परंपरेवर विश्वास ठेवून किंवा परक्या विद्वानाचे मत उचलून त्यांनी निष्कर्ष काढले नाहीत. आकडे स्वतः तपासले आणि मगच लिहिले.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. त्यावरून तो भाग इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांच्या काळातला असावा, असे त्यांनी मांडले. या निष्कर्षावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पण आकाशातल्या नोंदीवरून काळ काढण्याची त्यांची पद्धत चर्चेत टिकून राहिली. ग्रंथाचे पुढे हिंदीत आणि भारत सरकारतर्फे इंग्रजीत भाषांतर झाले.

पंचांगाच्या वादात त्यांची भूमिका कोणती?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पंचांग सुधारणेचा वाद पेटला होता. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहस्थाने आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि त्यांच्याबरोबर दीक्षित हे सायन पंचांगाच्या बाजूचे होते.

वर्ष कुठून मोजायचे, हा त्यातला मुद्दा. ताऱ्यांना धरून वर्ष मोजले तर सुमारे ७२ वर्षांत ते ऋतूंपासून एक दिवस सरकते. सायन पक्षाचे म्हणणे असे की, वर्षाचा आरंभ वसंतसंपाताला, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या क्षणाला बांधावा, तरच चैत्र वसंतात राहील. या मतामुळे जुन्या पंचांगकर्त्यांचा रोष ओढवला. सण कोणत्या दिवशी करायचे, हा प्रश्न घराघरात शिरणारा होता. सायन पंचांग व्यवहारात रुजले नाही. दीक्षितांनी आपल्या ग्रंथात मात्र सर्व पक्षांची मते मांडून मगच आपला कौल दिला.

पुढे काय झाले?

दोन्ही ग्रंथ हाती आल्यानंतर दीक्षितांना दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी देशाला ८२.५ अंश पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ मिळाली आणि गावोगावच्या वेळा हळूहळू मागे पडल्या. मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५० च्या दशकापर्यंत काही प्रमाणात जपली.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय पंचांगाचा आराखडा केला. ते २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी लागू झाले. त्यातले महिने वसंतसंपाताला बांधलेले, म्हणजे सायन आहेत. गणितासाठी मानलेले मध्यवर्ती ठिकाण तर पाहण्यासारखे आहे. त्याचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेचे, म्हणजे ८२ अंश ३० कला पूर्व. आणि अक्षांश २३ अंश ११ कला उत्तर, म्हणजे उज्जैनचे. तिथे गाव असण्याची गरज नव्हती, सगळ्यांनी एक ठिकाण मान्य करणे पुरेसे होते.

आज याचा उपयोग काय?

संगणकाच्या यादीत पुण्याचे वेगळे नाव नाही, कारण त्या यादीचा मुख्य नियम १९७० नंतरचा विचार करतो. त्या वर्षापासून ज्या प्रदेशातली घड्याळे एकसारखी चालली, त्यांना एक नाव पुरते. म्हणून पुणे, नागपूर आणि कोलकाता यांचे उत्तर एकच. पण त्याआधीची नोंद वाचायची असेल तर सावध राहावे लागते. कोलकात्याच्या नावाखाली नोंदवलेला जुना इतिहास मुंबईचा किंवा पुण्याचा नसतो. दुसऱ्या महायुद्धात तर भारतातली घड्याळे काही काळ एक तास पुढे केली होती. त्या काळातल्या जन्मवेळेवर साडेपाच तासांचा आकडा डोळे झाकून लावला तर एका तासाची चूक राहते.

चालू व्यवहारांतही हा प्रश्न येतो. पुण्यात १ एप्रिलला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी झालेला व्यवहार जागतिक वेळेत ३१ मार्चला सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी झालेला असतो. सर्व्हरने कालविभाग न तपासता तारीख छापली, तर व्यवहार आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. वेळेचा आकडा अचूक असतो, पण तो कुठला आहे हे लिहिलेले नसते. जुन्या ताम्रपटाची तारीख चुकीच्या गावच्या वेळेने तपासण्यासारखीच ही चूक आहे.

ती टाळायचा मार्ग दीक्षितांच्या कोष्टकात होता तोच आहे. मूळ वेळ एकच ठेवावी, गावाचे नाव सोबत लिहावे, अधिक-उणे चिन्हाचा अर्थ आधी ठरवावा आणि मिळवणी सर्वात शेवटी करावी. उज्जैनच्या जागी यूटीसी आली आणि छापील यादीच्या जागी संगणकातली फाइल, एवढाच फरक.